वाघ दाखवून किती वर्षे पोट भरणार?

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या आसपासच्या गावांतून मुलांच्या पुढच्या वाटेबद्दल सल्ला घ्यायला माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: मुलगा जंगल सफारीचा गाइड झाला, हाती चार पैसे येऊ लागले, पण याला नोकरी म्हणायचे का? त्यांपैकी एका कुटुंबाचा अनुभव, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

बारावी झालेला हा तरुण वडिलांसोबत आला होता. "वाघ दाखवून किती वर्षे पोट भरणार? त्यापेक्षा वनरक्षक भरतीची तयारी करायला सांगा याला," असे वडील म्हणाले आणि मुलगा खाली मान घालून बसून राहिला. त्याच्याशी एकट्याने बोलल्यावर त्याची काळजी निराळीच निघाली. वाघ दिसला नाही की परतीच्या वाटेवर सफारीच्या जिप्सी गाडीत कुणी बोलत नाही आणि तो दोष आपलाच आहे असे त्याला वाटत असे. याच कारणाने तो हे काम सोडण्याच्या विचारात होता.

वडिलांचा प्रश्न उत्पन्नाचा होता, म्हणून तिघांनी मिळून वर्षाचा हिशेब महिन्यांप्रमाणे कागदावर मांडला. गाइडला पाळीने सफारीची फेरी मिळते आणि फेरीमागे ठरलेले मानधन मिळते. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला राखीव भाग, बंद असते आणि त्याभोवतीच्या बफर पट्ट्यातल्या फेऱ्याही कमी होतात. खड्डा होता तो या तीन महिन्यांत. वडिलांना मात्र तो वर्षभर पसरलेला वाटत होता.

मुलाला मी मागच्या फेरीविषयी सांगायला सांगितले, अट एवढीच की त्यात वाघाचे नाव घ्यायचे नाही. आधी तो अडखळला. मग म्हणाला, धोक्याची हाक म्हणून चितळ कधी उगाचही ओरडते, पण सांबर ओरडू लागले की गाडी थांबवायचीच. वानर झाडावरून ओरडत असेल तर ते कुठे बघते आहे ते आधी पाहायचे. बोलता बोलता तारूचा विषय निघाला. वाघाशी झुंजताना मृत्यू आलेला आणि पुढे गोंड समाजाने देव मानलेला हा पुरुष. त्याचे स्थान ताडोबा तलावाकाठी आहे. आजीकडून ऐकलेली ही कथा त्याने पर्यटकांना कधीच सांगितली नव्हती, कारण "ते आमच्या घरचे आहे". हा संकोच मला योग्यच वाटला. कथा सांगावी, पण पूजाविधी पर्यटकांना दाखवायचा की नाही हे गावाने ठरवावे, असे माझे मत आहे.

पुढच्या वाटांबद्दल बोलताना मी मुद्दाम गुलाबी चित्र रंगवले नाही. अनुभवी गाइड रिसॉर्टमध्ये नॅचरलिस्ट, म्हणजे पाहुण्यांना निसर्गाची माहिती देणारा जाणकार, होऊ शकतो, नव्या गाइडांना शिकवू शकतो, बफरमधल्या गावात घरगुती निवासाची सोय करून पक्षिनिरीक्षण आणि गावफेरी यांची जोड देऊ शकतो. मात्र हे सर्वांनाच साधत नाही, आणि २०२० च्या टाळेबंदीत पर्यटन थांबले तेव्हा या सगळ्यांचेच उत्पन्न एकदम आटले होते. त्यामुळे वडिलांचा आग्रह मी चुकीचा ठरवला नाही. भरतीला वयाची अट असते, तर जंगलाची जाण वयाबरोबर वाढतच जाते. म्हणून भरतीचे प्रयत्न आत्ताच व्हावेत आणि त्यासाठी गाइडचे काम सोडू नये, असे मी सुचवले. वनरक्षक झाला तरी सांबराचा आवाज ओळखणे त्याच्या उपयोगाचेच आहे.

त्याने यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बी.ए.ला प्रवेश घेतला आहे, पावसाळ्यात तो धावण्याचा सराव करतो आणि प्रत्येक फेरीनंतर दिसलेल्या पक्ष्यांची नोंद वहीत लिहितो. पहिल्या भरतीत तो लेखी परीक्षेत मागे पडला आणि आता पुढच्या भरतीची वाट पाहत आहे. परदेशी पाहुण्यांशी इंग्रजीत बोलण्याची भीती मात्र अजून गेलेली नाही, त्यामुळे सध्या आमच्या भेटींत तोच विषय चालू आहे.