घर कुणाचं, ते आधी विचारा : फोर्ट कोचीतल्या होमस्टेबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी कोचीवर चार ओळी लिहिल्या आणि तेव्हापासून जवळपास सगळ्या पत्रांचा विषय एकच आहे, फोर्ट कोचीतल्या जुन्या घरात राहायचंय तर निवडायचं कसं. त्यातली पाच पत्रं इथे घेतलीयेत, बाकीच्यांची उत्तरं यातच येतील असं वाटतंय.

नमस्कार ताई, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण जाणार आहोत, मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मी पंधरा दिवस नुसते फोटो बघतेय, सगळीकडे त्याच पिवळ्या भिंती, लाल कौलं, वेताच्या खुर्च्या, आणि रेट मात्र एकाचा दुसऱ्याच्या तिप्पट! काय बघून ठरवू? (कोथरूड)

फोटो बघणं आजपासून बंद करा आणि फोन लावा. पहिला प्रश्न एवढाच विचारा, की तुम्ही स्वतः त्या घरात राहता का? होमस्टे म्हणजे मुळात घरमालकाचं कुटुंब राहतंय आणि वरच्या दोन-चार रूम पाहुण्यांना देतंय. सरकारी वर्गीकरणातही हेच आहे, मालक तिथे राहिला पाहिजे आणि रूम जास्तीत जास्त सहा. मालक राहत नसेल तर केरळात त्याला सर्व्हिस्ड व्हिला म्हणतात, ती कॅटेगरीच वेगळी. त्यात वाईट काही नाही, पण रात्री अकराला सासूबाईंना गरम पाणी लागलं तर घरातली चेच्ची (मल्याळममध्ये ताई) उठून देते, आणि व्हिलात तुम्ही केअरटेकरचा फोन लागायची वाट बघत बसता. केरळ टुरिझमने तपासलेल्या घरांना डायमंड, गोल्ड, सिल्व्हर असे दर्जे दिलेले असतात. कुठला दर्जा आहे हे विचारा आणि त्याचं सर्टिफिकेट व्हॉट्सॲपवर मागून घ्या, खरं असेल तर लगेच पाठवतात.

आता सासूबाईंचं. तुम्ही पुण्यातल्या आहात म्हणजे वाड्यातला जिना तुम्हाला माहीत असणार, अंधारा, उभा, आणि धरायला वरून सोडलेला दोर. फोर्ट कोचीतल्या जुन्या घरांचे लाकडी जिनेही बरेचसे त्याच जातीचे. मी एकदा राहिले होते तिथे पायऱ्या इतक्या अरुंद होत्या की उतरताना पाऊल आडवं ठेवावं लागायचं, आणि मधली एक पायरी इतकी झिजलेली की तिच्यावर पाय आपोआप एका बाजूला घसरायचा. मला तिथे दोन दिवस फार आवडलं पण माझ्या आईला मी तिथे नेलं नसतं. म्हणून तळमजल्याची रूम मागा, आणि "ग्राउंड फ्लोअर आहे" एवढ्यावर थांबू नका, रस्त्यापासून पलंगापर्यंत किती पायऱ्या ते मोजून सांगा म्हणावं. ओटा, उंबरा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाथरूमची पायरी. या घरांमध्ये अटॅच बाथरूम मूळची नव्हतीच, नंतर बसवली, आणि पाइप खालून न्यायला फरशी उचलून घेतात, त्यामुळे आत जाताना एकदम सहा-आठ इंचांची चढण येते. दिवसा दिसते. रात्री झोपेत उठलेल्या माणसाला दिसत नाही. बाथरूमचा फोटो दारातून काढलेला मागवा, म्हणजे ती पायरी दिसेल.

दिवाळीचा काळ म्हणालात म्हणून हवामानही सांगते. आपल्याकडे तोवर पाऊस संपलेला असतो, केरळात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीच्या पावसाचा मोसम चालू असतो, सकाळ लख्ख आणि दुपारनंतर कडाडून पाऊस असं बऱ्याचदा होतं. फिरणं सकाळी ठेवा. डास तर बाराही महिने, तेव्हा खिडक्यांना जाळी आहे का, पलंगाला मच्छरदाणी आहे का हे विचारायला लाजू नका. पाच जणांना शेजारशेजारच्या दोन रूम एकाच मजल्यावर मिळत असतील तर दोनशे-चारशे जास्त गेले तरी द्या, रात्री सासूबाई एका मजल्यावर आणि तुम्ही दुसऱ्या असं नको.

फोर्ट कोचीत राहावं की एर्नाकुलममध्ये? ऑफिसच्या कामाला जोडून दोनच दिवस आहेत. (हडपसर)

काम एर्नाकुलममध्ये, म्हणजे खाडीपलीकडच्या नव्या शहरात असलं तरी राहा फोर्ट कोचीतच. एर्नाकुलमच्या जेट्टीवरून सरकारी बोट साधारण वीस मिनिटांत आणते आणि तिकीट अगदी किरकोळ. २०२३ साली सुरू झालेली वॉटर मेट्रो आता हायकोर्टच्या टर्मिनलवरून फोर्ट कोचीला येते, एसी बोट, बॅग घेऊन चढायला सोपी. विमानतळ मात्र नेडुंबश्शेरीला, म्हणजे तिथून चाळीसेक किलोमीटर, आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये ते अंतर फार लांबतं, परतीचं विमान धरताना तेवढा वेळ हातात ठेवा.

ताई, आमचा नारायण पेठेतला वाडा पाडला त्याला दोन वर्षं झाली. आता फ्लॅट आहे, छान आहे, पण मला परत एकदा खऱ्या जुन्या घरात झोपायचंय. फोर्ट कोचीत प्रत्येकजण हेरिटेज हेरिटेज म्हणतो, त्यातलं खरं कसं ओळखायचं? कोणी ५०० वर्षांचं घर सांगतं, कोणी डच काळातलं. (नारायण पेठ)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वाडा गेल्यावर काय जातं ते मलाही माहीत आहे, माझं बालपण शनिवार पेठेतल्या वाड्यातलं, तोही आता नाही.

आधी ५०० वर्षांचं बघू. पोर्तुगीजांनी कोचीत किल्ला बांधायला घेतला १५०३ साली, १६६३ मध्ये डचांनी कोची घेतलं, १७९५ मध्ये इंग्रजांनी. प्रत्येकाने आधीच्याचं बरंच पाडलं आणि वर आपलं बांधलं. सेंट फ्रान्सिस चर्च टिकलं, ज्यात वास्को द गामाला १५२४ मध्ये पुरलं होतं आणि पुढे त्याच्या अस्थी लिस्बनला नेल्या. त्यात भर म्हणून १८८९ च्या जानेवारीत बंदरातल्या एका जहाजाला आग लागली, ती किनाऱ्यावर पसरली आणि गोदामं, घरं जळाली. त्यामुळे राहतं घर अखंड ५०० वर्षांचं आहे असं कोणी सांगितलं तर मी तरी विश्वास ठेवणार नाही. बहुतेक घरं थरांची आहेत, खालची भिंत जुनी, वरचा मजला शे-सव्वाशे वर्षांचा, मागची बाजू परवाची. आणि जो मालक तुम्हाला हे थर नीट सांगतो, की ही भिंत आधीची, हे छप्पर आजोबांनी बदललं, हे बाथरूम मी केलं, त्याचं घर खरं जुनं असतं. सरकारच्या हेरिटेज हॉटेलच्या वर्गीकरणाला इमारत १९५० च्या आधीची लागते, तीच साधी मोजपट्टी तुम्हीही लावा, १९५० च्या आधीचं काय काय शिल्लक आहे असं सरळ विचारा.

मग भिंत. तिथली जुनी भिंत जांभ्या दगडाची, कोकणात आपण चिरा म्हणतो तोच, आणि वर चुन्याचा गिलावा. जाडी दरवाज्यात उभं राहिल्यावर कळते, चौकटीत हाताचा कोपरापर्यंतचा भाग आडवा मावतो. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि उन्हात परत सोडते, तिला हात लावला की बोटाला थोडी पांढरी पूड लागते आणि भर दुपारी ती गार असते. त्यावर कोणी सिमेंट आणि ऑइलपेंट मारला की ओल आत कोंडते आणि मग फुगे येतात, पोपडे सुटतात, आणि खोलीला तो वास येतो जो आपल्या पेठेत श्रावणात बंद खोलीला यायचा. मी एकदा जूनमध्ये अशाच एका घरात अडकले, फोटोत भिंत गुळगुळीत पिवळी होती, प्रत्यक्षात उशीला बुरशीचा वास आणि दुसऱ्या दिवशी माझी शाल दमट. मालक बिचारे भले, पण त्यांनी भिंत गुदमरवली होती, घर जुनं असून उपयोग नव्हता. तेव्हा चुना अजून आहे का, हा प्रश्न विचाराच, आणि जून ते सप्टेंबर शक्यतो टाळा.

छप्पर मंगळुरी कौलांचं आहे की स्लॅबवर नुसती शोभेला कौलं चिकटवलीत, तेही विचारा. आतून वर बघितलं तर खऱ्या छपराला वासे आणि रिपा दिसतात किंवा लाकडी तक्तपोशी असते. आणि जमीन लाकडी असेल तर आवाज येणार, वरचा माणूस चालला की खाली ऐकू येणार, तुम्हाला तो आवाज हवाच असेल असं मला वाटतंय.

बर्गर स्ट्रीट, रोझ स्ट्रीट, प्रिन्सेस स्ट्रीट या भागात घरं दाट आहेत आणि पर्यटकही दाट. तुमच्यासारख्यांनी शेजारच्या मट्टनचेरीकडेही बघावं. तिकडे चेरळायीला कोकणी बोलणाऱ्या सारस्वतांची जुनी वस्ती आहे, गोव्यातून पोर्तुगीजांच्या जाचामुळे निघालेले लोक, तिरुमल देवस्वम् हे देऊळ त्यांचंच. सकाळी देवळाजवळून जाताना दोन बायका बोलत होत्या आणि मला अर्ध्याहून जास्त कळत होतं, केरळात उभी राहून! मी तिथेच थांबून राहिले थोडा वेळ. फुलपुडी, ओलं अंगण, निरंजनाचा वास. वाडा परत मिळत नाही, पण ती सकाळ तुम्हाला ओळखीची वाटेल.

आम्ही दोघी मैत्रिणी, वय २६, पूर्ण व्हेज. ३१ डिसेंबरला तिथे असायचं ठरतंय. सेफ आहे का आणि खाण्याचं काय? (पाषाण)

३१ डिसेंबरला फोर्ट कोचीत कार्निव्हल असतो, मध्यरात्री पाप्पांजी नावाचा मोठा पुतळा जाळतात, आणि गर्दी किती ते सांगून कळणार नाही, रस्ते बंद होतात, बोटीला रांगा लागतात. त्या रात्री तिथे असायचंच असेल तर ३० तारखेलाच जाऊन सामान टाका आणि घर असं निवडा की ही गर्दी जमते त्या परेड ग्राउंडवरून चालत परत येता येईल. रात्री दार कोण उघडणार, किल्ली देणार का, हे आधी ठरवून घ्या. मालकीणबाई घरात राहतात अशी जागा घ्या, आणि नुकत्याच राहून गेलेल्या बायकांनी काय लिहिलंय ते रिव्ह्यूत शोधून वाचा. ज्या वर्षी बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन असतं (पहिलं सुरू झालं १२ डिसेंबर २०१२ ला), त्या वर्षी डिसेंबरपासून मार्चपर्यंत रूम लवकर भरतात आणि रेट चढतात, बुकिंग तीन-चार महिने आधी करा.

खाण्याचं मोकळेपणाने बोला. फोर्ट कोचीतली बरीच घरं ख्रिश्चन कुटुंबांची आहेत, त्यांच्या स्वयंपाकघरात मासे, बीफ, पोर्क सगळं शिजतं, त्यांचं घर आहे, शिजणारच. वेगळी भांडी चालतील का वगैरे अटी तिथे जाऊन घालू नका, कुणाच्याही घरी जाऊन आपण असं बोलणार नाही. एकाच स्वयंपाकघरातलं चालत असेल तर फोनवर "फक्त भाज्या आणि अंडंही नको" असं सांगा, पुट्टू-कडला, अप्पम आणि व्हेज स्ट्यू, इडियप्पम, इतकं सुंदर देतात की दुपारपर्यंत भूक लागत नाही. चालत नसेल तर नाश्त्याशिवायचा रेट घ्या आणि मट्टनचेरीत गुजराती रोडला जा, तिथे गुजराती वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं.

ॲडव्हान्स भरला, पोचल्यावर "ती रूम भरली" म्हणून मागची खोली दिली, खिडकी भिंतीकडे. पुढच्या वेळी काय करू? (वारजे)

फार वाईट वाटलं वाचून, कारण जुन्या घरात खिडकी हेच तर अर्धं घर असतं. पुढच्या वेळी बुकिंगच्या आधी व्हिडिओ कॉल करा, त्यांनी दारातून आत येत रूम दाखवायची, खिडकी उघडून बाहेर काय आहे ते दाखवायचं, आणि मग त्याच रूमचं नाव किंवा नंबर मेसेजमध्ये लिहून घ्या, "हीच रूम, या तारखा, इतके पैसे, नाश्ता धरून, एसीचे वेगळे नाहीत". यूपीआयवर पैसे पाठवताना समोर येणारं नाव घरमालकाचंच आहे ना ते बघा, वेगळं दिसलं तर थांबा आणि फोन करून विचारा. पूर्ण पैसे आधी मागणाऱ्याला मी तरी एका रात्रीचे देते, बाकीचे पोचल्यावर. ॲपवर आणि थेट अशा दोन्ही किमती विचारा, थेट स्वस्त पडलं तरी कॅन्सल केल्यावर किती परत मिळणार ते लिहून मागा.

आणि तुम्ही पत्रात शेवटी विचारलंय की पुढच्या वेळी दोन दिवसांत मट्टनचेरी होईल का. होईल, पण शुक्रवार-शनिवार धरून जाऊ नका, राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि १५६८ चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शनिवारी.