लॉनवरच्या लग्नात हाय हील्स घालून न अडखळता कसं चालायचं?

लॉनवर पेन्सिल हील नकोच. दोन-अडीच इंचांची रुंद ब्लॉक हील किंवा वेजेस घ्या आणि लग्नाआधी आठ-दहा दिवस घरात रोज पंधरा मिनिटं तीच घालून चाला. मी नागपुरात लग्नांचं सूत्रसंचालन करते, त्यामुळे सीझनमध्ये रोज संध्याकाळी तीन-चार तास हील्सवरच असते. हिरवळीवर दुपारी पाणी मारलेलं असतं, आपल्याकडची काळी माती ओली झाली की लगेच मऊ पडते, आणि सगळं वजन एवढ्याशा टोकावर आल्याने बारीक टाच खिळ्यासारखी आत रुतते. आवडती पेन्सिल हीलच घालायची असेल तर टाचेवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या टोप्या लावा आणि गवतावर भार चवड्यावर ठेवा.

बाकी ठिकाणी:
- सिमेंट रोड, फरशी: आधी टाच, मग चवडा. पावलं लहान, नजर पायांकडे नाही, समोर.
- गुळगुळीत ग्रॅनाइट: नव्या सँडलचा तळ सँडपेपरने घासून घ्या. हे कुणी करत नाही आणि घसरतात.
- स्टेज: गालिच्याखाली फळ्यांच्या फटी असतात, तिथे खरंच सावकाश. पायऱ्या उतरताना पाऊल थोडं तिरकं टाका, साडीच्या निऱ्या एका हातात, दुसरा हात कठड्याला किंवा सोबतच्या माणसाला.

मात्र घोटा नुकताच मुरगळला असेल तर सरावही करू नका; कोल्हापुरी घाला, साडीवर छानच दिसते.