शेकाच्या मशीनचा शॉक आणि सही केलेला कन्नड कागद

खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. गुडघेदुखीसाठी आईला बेळगावातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात शेक द्यायला नेत होते. पाचव्या दिवशी मशीनच्या पत्र्याला हात लागताच शॉक बसला, बोटं भाजली. दोन रात्री दुसऱ्या इस्पितळात काढाव्या लागल्या. डॉक्टर म्हणतात, दोष मशीनच्या कंपनीचा. त्या दिवसाचे पैसे परत देऊन त्यांनी एका कन्नड कागदावर सही घेतली. आता काय करायचं?

तुम्ही पाठवलेला प्लगचा फोटो मी मोठा करून पाहिला. तिसरी, जाड पिन कापून टाकली आहे आणि प्लग दोन भोकांच्या पॉइंटमध्ये खुपसलाय. ती पिन अर्थिंगची. आतली वायर सुटून पत्र्याला लागली तर करंट याच वाटेनं जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. वाट तोडली की हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो. ती पिन कंपनीनं कापलेली नसावी. तो फोटो तारखेसह जपून ठेवा, फोनमधून पुसू नका.

पैसे घेऊन उपचार करणारा डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ सालीच ठरवून दिलंय. मशीनमध्येही खोट असेल असं वाटलं तर कंपनीलाही प्रतिवादी करा, पण डॉक्टरांना सोडू नका. आधीच्या चार दिवसांच्या पावत्या शोधा, त्याच तुमचं ग्राहकपण सिद्ध करतील. अशा मशीनचं अर्थिंग आणि लिकेज (पत्र्यात झिरपणारा करंट) ठरावीक मुदतीनं मोजून घ्यायचं असतं, त्याची नोंद राहते. ती नोंद हजर करायला जिल्हा ग्राहक आयोगाकडून आदेश मागा. दवाखान्याकडे ती नसेल तर बचाव अवघड जाईल.

आधी उपचाराचे कागद लेखी मागा. वैद्यक परिषदेच्या नियमाप्रमाणे डॉक्टरांनी ते ७२ तासांत द्यायला हवेत.

कन्नड कागदाची झेरॉक्स मिळवून कन्नड जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. नुसती पैशांची पोच असेल तर हक्क जात नाही. ‘तक्रार नाही’ असं लिहिलं असेल तर मजकूर न समजावता सही घेतली, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात सांगा. यापुढे काहीही वाचल्याशिवाय सही नको.

पोलिसांकडे जायची घाई मी करणार नाही. डॉक्टरांवरच्या फौजदारी प्रकरणांत २००५ पासून न्यायालयांची चाळणी बारीक आहे. त्यापेक्षा दवाखान्याच्या नोंदणीविषयी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाकडे अर्ज करा. घटनेच्या ३५० व्या कलमानं तो मराठीतही देता येतो, कुणी परत पाठवला तर तेच कलम दाखवा.

बेळगावच्या जिल्हा आयोगाकडे तक्रारीची मुदत २ वर्षं. उपचारासाठी दिलेले पैसे ५ लाखांच्या आत असतील तर फी नाही. मात्र प्लग बदलला जाण्याआधी नोटीस द्या, म्हणजे याच आठवड्यात.