बाबांना कसलातरी छंद लावा

मी समुपदेशनाचं काम करते. गणपती आटोपून चाकरमानी परत गेले की माझ्याकडे एका ठरावीक प्रकारचे फोन सुरू होतात. फोन मुंबई, पुणे किंवा बडोद्याहून येतो, बहुतेक वेळा मुलीचा असतो आणि मजकूर साधारण सारखाच: "मॅडम, बाबा रिटायर झाल्यापासून नुसते बसून असतात. कुणाशी बोलत नाहीत. त्यांना कसलातरी छंद लावा ना."

पंधरा वर्षांपूर्वी असा फोन आला की मी उत्साहाने यादी करायला घ्यायचे. बागकाम, वाचन, सुडोकू. आता घेत नाही. का, ते सांगण्यासाठी एका काकांची गोष्ट सांगते. त्यांची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका एसटीत कंडक्टर होते. तेहतीस वर्षं नोकरी, त्यातली निम्मी वस्तीच्या गाडीवर. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि साठाव्या वर्षी त्यांची मुलगी त्यांना माझ्याकडे घेऊन आली. छातीत धडधडतं म्हणून आधी कुडाळला डॉक्टर झाले, मग गोव्याला तपासण्या झाल्या. हृदय ठणठणीत निघालं. झोप मात्र पहाटे तीनला मोडायची, जेवण अर्ध्यावर आलं होतं आणि दिवसचे दिवस पडवीतल्या खुर्चीत. मुलगी बोलत होती, काका खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांना विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "माका काय्येक झाला नाय. ह्या चेडवाक उगाच काळजी."

नैराश्य सौम्य म्हणावं इतकंही सौम्य नव्हतं. मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या. आणि माझ्या बाजूने मी काय केलं, तर एक वही आणि रंगीत पेन्सिलींचा डबा दिला. सकाळी उठल्यावर मनात येईल ते लिहा, नाहीतर नक्षी रंगवा. तेव्हा या नक्षी रंगवण्याच्या पुस्तकांचं भलतंच पेव फुटलं होतं. पंधरा दिवसांनी वही आली. पहिल्या पानावर तारीख होती आणि खाली एक ओळ: 'आज काही नाही.' पुढची चौदा पानं कोरी. पेन्सिली नातवाने नेल्या होत्या.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. माणूस प्रयत्नच करत नाही असं वाटलं. मग रात्री विचार करताना लक्षात आलं की ज्या माणसाने तेहतीस वर्षं रोज दोनशे माणसांना 'पुढे सरका' म्हटलं, त्याला मी एकट्याने कोपऱ्यात बसून फुलपाखरं रंगवायला सांगितली होती.

तिसऱ्या भेटीत पाऊस धो धो होता आणि लाइट गेली होती. बोलणं तुटक चाललं होतं. मध्येच माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. खुर्चीच्या दांडीवर उजव्या हाताची बोटं चालू होती, डाव्याचा पंजा मधूनमधून थापटत होता. नुसता चाळा म्हणावा तर ते फार मोजून-मापून होतं. आठ मोजले की परत पहिल्यापासून.

"हे काय वाजवताय?"

हात जागच्या जागी थांबले. चोरी पकडल्यासारखे हसले. "भजनी ठेको."

मग जे बाहेर आलं ते दोन भेटींत आलं नव्हतं. वडील परळच्या गिरणीत होते. १९८२ चा संप लांबला, गिरणी काही परत उघडली नाही आणि पुढच्या वर्षी वडील गावी आले, एक ट्रंक आणि एक पखवाज घेऊन. मुंबईत गावच्या मंडळाच्या खोलीत चाळीस बिऱ्हाडकरू पाळीपाळीने झोपत, आणि रात्रपाळी नसेल त्यांचं तिथे भजन चाले. तो पखवाज तिथला. काका तेव्हा अठरा वर्षांचे, दहावी होऊन घरी बसलेले. वडिलांनी नोकरी गेल्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. रोज संध्याकाळी मुलाला पुढ्यात बसवून 'तिट कत गदि गन' घोटून घेतलं. पुढे एसटीत लागल्यावर काका तिकिटाच्या चिमट्याने गाडीच्या दांडीवर ठेका धरायचे. घाटात गाडी बंद पडली की प्रवासी शिव्या घालण्याऐवजी 'कंडक्टर, होऊन जाऊ दे' म्हणायचे, असं सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा वर गेला.

"मग सोडलं का?"

"सोडून सात वर्सा झाली."

कारण एका वाक्याचं आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं: सामायिक सातबारा. धाकट्या भावाशी काजूच्या बागेवरून बिनसलं, प्रकरण कोर्टात गेलं. वाडीच्या भजनात भाऊ चकी, म्हणजे छोटी झांज, वाजवतो आणि भावाचा मुलगा बुवा आहे, पेटीवर बसून गातो तो. ज्या दिवशी समन्स आलं त्या दिवशी काकांनी पखवाज खोळीत घालून माळ्यावर टाकला. पुढे नोकरी होती तोवर ही पोकळी जाणवली नाही. नोकरी सुटली आणि एकाच माणसाच्या दोन्ही जागा रिकाम्या झाल्या.

आता मी 'वाजवायला लागा' असं म्हणाले नाही. एकदा तोंड भाजलं होतं. मी म्हटलं, "पखवाज खाली काढून बघा कसा आहे. वाजवू नका." आमच्या कामात याला वर्तन सक्रियीकरण असं जडजंबाळ नाव आहे. मन उभारी धरेल मग हातपाय हलवू म्हणून थांबलं तर नैराश्यात ती वेळ येतच नाही. आधी हातपाय हलवायचे, तेही इतके थोडे की नाही म्हणायला जागा उरू नये.

पुढच्या खेपेला काका स्वतःहून बोलले. उंदरांनी चामड्याची वादी कुरतडली होती, शाईची पुडी, म्हणजे उजव्या तोंडाचं कातडं, फाटली होती. फणसाचं खोड मात्र शाबूत. ते दुरुस्तीला न्यायचं म्हणून सात-आठ महिन्यांत पहिल्यांदा माणूस एकट्याने एसटीत बसला. नव्या कंडक्टरने पखवाजाचं अर्धं तिकीट काढायला लावलं, त्यावरून हुज्जत घातली, नियम कुणाला शिकवतोस म्हणून. हे सांगताना ते जे चिडले होते ते बघून मला केवढं बरं वाटलं! इतके दिवस या माणसात भांडायचंही बळ उरलं नव्हतं.

त्यानंतरचं मात्र मी घडवलेलं नाही. मंडळीत पखवाज वाजवणारा तरुण पोरगा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या गोव्यातल्या मोपा विमानतळावर कामाला होता. आमच्याकडची बरीच पोरं तिकडे गेली आहेत. चतुर्थीला त्याला रजा मिळेना. चतुर्थी आठ दिवसांवर आली असताना पुतण्या, म्हणजे तो बुवाच, काकांच्या पडवीत येऊन उभा राहिला. सात वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, "काकानू, तेका रजा गावणा नाय. तुमीच येवक व्हया."

काकांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. माझ्याकडे आले. "थय माझो भाव आसता. तेच्या बाजूक बसान वाजवू?"

तासभर आम्ही यावरच बोललो. मी समेट करा असं सांगितलं नाही. जमिनीचा तंटा भजनाने मिटत नाही आणि मिटावा अशी अपेक्षा ठेवली की भजनही जातं. मी एवढंच विचारलं की भाऊ नसता तर गेला असता का. "धावत," म्हणाले. मग विचारलं, पखवाज आणि चकी यांना एकमेकांशी बोलायला लागतं का? ते बराच वेळ गप्प राहिले. म्हणाले, बोलायला नाही लागत, पण ऐकायला लागतं. चकी लय वाढवायला बघते, पखवाजाने तिला धरून ठेवायचं असतं. भावाला लहानपणापासून धावायची खोड आहे.

पुढचं मला त्यांच्या पत्नीने फोनवर सांगितलं. हरतालिकेच्या संध्याकाळी काका स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "जरा कणीक दी." पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुमेला, वाजवण्याआधी ओली कणीक लावतात, ती असते म्हणून तो घुमारा येतो, आणि भजन संपलं की खरवडून काढतात. दर वेळी नवी लागते. काकूंना प्रमाण आठवत होतं, हाताला चिकटेल इतकी सैल. काकांनी गोळा धुमेच्या मधोमध ठेवला, अंगठ्याने गोल गोल पसरला, एक थाप मारली, मान हलवली, जरा कणीक काढली, पुन्हा थाप. मग हातोडीने गट्टे ठोकत स्वर मिळवत बसले. काकू म्हणाल्या, "मॅडम, मी भाकरी टाकायची विसरून तिथेच उभी."

त्यांच्या वाडीत बावीस घरं आहेत. एरवी अर्ध्यांना कुलूप. चतुर्थीला सगळी उघडतात आणि मंडळी रोज रात्री घरोघर जाते: स्तवन, अभंग, गौळण, गजर, आरत्या, मग पुढचं घर. एक घर एका आजींचं आहे. मुलगा परदेशी, येतोच असं नाही. त्या एकट्या गणपती आणतात, माटवी सजवतात आणि पंधरा-वीस माणसांना पुरेल एवढी काळ्या वाटाण्याची उसळ करून बसतात. आदल्या वर्षी पखवाजाशिवाय, नुसत्या झांजांवर भजन उरकलं होतं. या वेळी भजन झाल्यावर आजी काकांपुढे पावाची ताटली ठेवत म्हणाल्या, "गेल्या वर्सा मिरदुंग नाय होतो. गणपती माझो झोपलेलोच रवलो."

काकांनी हे वाक्य मला तीन वेळा सांगितलं. माझ्या वहीने, पेन्सिलींनी आणि खरं सांगायचं तर माझ्या समजावण्याने जे झालं नव्हतं ते या वाक्याने झालं. आपण नव्हतो तेव्हा कुणालातरी उणं वाटलं होतं, हे त्यांना कळलं.

म्हणून 'छंद लावा' म्हणणाऱ्या लेकींना मी आता उलटा प्रश्न विचारते: बाबा पूर्वी कुणाबरोबर, काय करायचे, आणि ते कधी थांबलं? बहुतेक घरांत उत्तर असतं. नाटकाच्या तालमीत प्रॉम्प्टिंग करायचे. गणपतीची आरास बाबाच करायचे. दशावतारी नाटक आलं की राजाच्या फेट्याला हात लावायचा मान त्यांचा. आणि थांबण्यामागे बदली, भांडण, दारू, एखादा मृत्यू असं काहीतरी असतं. ती गाठ हाताला लागली की पुढचं सुचतं. नवीन क्लासची फी भरून ती सुटत नाही.

अर्थात सगळ्यांना मंडळी लागतेच असं नाही. एका निवृत्त शिक्षिकेला माणसांचा कंटाळा होता, आयुष्यभर वर्गात पुरेशी पाहिली म्हणायच्या. त्या पहाटे दारात रांगोळी काढत, रोज वेगळी. शाळेत जाणारी पोरं तिथे थांबून बघू लागली, एवढाच त्यांचा लोकांशी संबंध, आणि तेवढा त्यांना पुरला.

कलेने आजार बरे होतात, असं मात्र यातून कुणी घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कलांचा आरोग्याला हातभार लागतो असं म्हटलं आहे. हातभार हा शब्द मला पटतो. काकांच्या गोळ्या भजन सुरू झाल्यावरही चालू राहिल्या, डॉक्टरांनी त्या पुढे सावकाश कमी केल्या. तुमच्या घरातलं माणूस जगण्यातच अर्थ नाही असं बोलत असेल, जेवण-झोप पार गेली असेल, तर पखवाज माळ्यावरून काढायच्या आधी डॉक्टर गाठा. टेली मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात.

काकांची झोप अजून कधीमधी मोडते. पण आता भजनाचा दिवस असला तर घरी यायलाच साडेबारा होतात, त्यामुळे तीनला जाग येण्याचा प्रश्न थोडा मागे पडला आहे, काकूंचा त्रागा वाढला आहे. वाडीतली दोन पोरं आणि एक मुलगी शनिवारी शिकायला येतात. मुलीचा हात चांगला आहे म्हणतात. तिला भजनात बसवायचं की नाही यावर वाडीत सध्या दोन तट आहेत, आणि काका एका तटात हिरिरीने आहेत.

मध्यंतरी कोर्टाची तारीख होती. दोघे भाऊ व्हरांड्यात दोन वेगळ्या बाकांवर बसले होते, मध्ये वकील. नेहमीप्रमाणे पुढची तारीख पडली. धाकट्याने थोरल्याकडे बघितलं नाही. शेजारी उभ्या मुलाला म्हणाला, पण आवाज दोन्ही बाकांना पोचेल एवढा होता:

"सोमवारची तालीम साडेआठाक नाय, आठाक आसा म्हणून सांग काकाक."