वाचकांचे प्रश्न : चालक नाही, मग जबाबदारी कोणाच्या नावावर?

प्रश्न : साधा ड्रोन उडवायचा म्हटला तरी नागरिकाला नोंदणी, परवाना, उंचीची मर्यादा असे सगळे सोपस्कार पार पाडावे लागतात. लष्कराच्या ड्रोनला हे नियम लागू असतात का आणि नसतील तर त्याला परवानगी देते कोण?

उत्तर : लष्कराच्या ड्रोनला परवानगी लष्करच देते. ज्या १९४४ च्या शिकागो करारावर नागरी विमानवाहतूक उभी आहे, त्याच्याच कलम ३ ने लष्कर, सीमाशुल्क आणि पोलीस यांच्या सेवेतील विमाने कराराच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. अशा विमानांसाठी नियम करताना नागरी विमानांच्या सुरक्षिततेचे भान राखावे, एवढेच बंधन सरकारांवर आहे. (वैमानिकाविना उडणाऱ्या विमानांचा उल्लेखही त्याच कराराच्या कलम ८ मध्ये आहे, तेव्हा विषय वाटतो तितका नवा नाही.)

प्रश्न उरतो तो हा, की हे भान राखले जाते की नाही ते पाहणारा अधिकारी विमान वापरणाऱ्याच्या हाताखालचा असावा का. ब्रिटनने याचे उत्तर फार मोठी किंमत देऊन शोधले. २००६ मध्ये अफगाणिस्तानात निम्रॉड जातीचे एक टेहळणी विमान हवेतच पेटले आणि त्यातील १४ जण मरण पावले. ते ड्रोन नव्हते. परंतु त्याच्या सुरक्षिततेची तपासणी कागदोपत्री उरकली गेली होती, हे चौकशीत उघड झाले आणि २०१० मध्ये लष्करी उड्डाणांसाठी वेगळी नियामक संस्था स्थापन झाली. मानवरहित विमानांच्या बाबतीत अशा वेगळ्या संस्थेची गरज अधिकच आहे, असे माझे मत आहे. कारण स्वतःचा जीव धोक्यात असलेला वैमानिक शंका आल्यास उड्डाणाला नकार देतो, तो अडसर येथे मुळातच नसतो.

ड्रोनच्या तपासणीत पहिला प्रश्न विचारावा लागतो तो शस्त्राविषयी नव्हे, तर संपर्क तुटल्यावर ते काय करील याविषयी. ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकी नौदलाच्या फायर स्काउट या मानवरहित हेलिकॉप्टरचा मेरीलँडमध्ये चाचणीच्या उड्डाणात नियंत्रकांशी संपर्क तुटला. अशा वेळी मागे फिरून तळावर उतरावे, अशी योजना त्यात होती. प्रत्यक्षात सॉफ्टवेअरमधील दोषामुळे ते सुमारे २३ मैल पुढे जात वॉशिंग्टनभोवतीच्या निर्बंधित हवाई क्षेत्रात शिरले आणि संपर्क पुन्हा जुळल्यानंतरच त्याला परत आणता आले. यात कोणाचा हेतू वाईट नव्हता आणि शस्त्र चालवण्याचाही प्रसंग आला नाही, तरी राजधानीच्या दिशेने एक यंत्र कोणाच्याही ताब्यात नसताना उडत राहिले. ‘नाटो’ने १५० किलोपासून २०,००० किलोपर्यंतच्या मानवरहित विमानांसाठी उड्डाणयोग्यतेचे जे मानक केले, ते अशाच गोष्टी तपासते. ही तपासणी केवळ औपचारिक नसते, याचा दाखला जर्मनीचा आहे. युरो हॉक या टेहळणी ड्रोनवर कोट्यवधी युरो खर्च झाल्यानंतर २०१३ मध्ये तो प्रकल्प सोडून द्यावा लागला. त्यात टक्कर टाळणारी यंत्रणा नसल्यामुळे नागरी हवाई क्षेत्रात उडण्यासाठी प्रमाणपत्र मिळणे दुरापास्त झाले होते.

प्रश्न : समुद्रावरील चालकरहित नौकेला युद्धनौका म्हणता येते का?

उत्तर : शब्दशः वाचले तर म्हणता येत नाही. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराचे कलम २९ युद्धनौकेची व्याख्या करताना इतर अटींबरोबर या दोन अटी घालते : नौका नियुक्त अधिकाऱ्याच्या हुकमतीखाली असावी आणि तिच्यावर लष्करी शिस्तीखालील खलाशी असावेत. अधिकारी किनाऱ्यावर बसून हुकूम देतो, असे म्हणून पहिली अट ताणून बसवता येईल. दुसरी मात्र कितीही ताणली तरी बसत नाही. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या नियमांतील पाचवा नियमही असाच अडतो, कारण त्यानुसार प्रत्येक जहाजाने डोळ्यांनी आणि कानांनी सतत टेहळणी ठेवायची असते. कॅमेऱ्याला डोळा आणि मायक्रोफोनला कान मानावे की नाही, यावर कायदेपंडितांचा वाद अजून मिटलेला नाही.

या व्याख्येवर बरेच काही अवलंबून आहे, कारण युद्धनौकेला दुसरा देश हात लावू शकत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये दक्षिण चीन समुद्रात अमेरिकेचे पाण्याखालून माहिती गोळा करणारे एक मानवरहित उपकरण चिनी नौदलाने उचलून नेले. ही आपली सार्वभौम मालमत्ता आहे, असे अमेरिकेने ठणकावले. अज्ञात वस्तू जहाजांना धोका ठरू नये म्हणून आपण ती तपासली, असे चीनने सांगितले. पाच दिवसांत उपकरण परत मिळाले. कायद्याचा प्रश्न तसाच राहिला.

प्रश्न : स्वतः लक्ष्य निवडणाऱ्या शस्त्रांबाबत ‘अंतिम निर्णय माणसाचाच असेल’ असे सगळे देश सांगतात. मग अडचण कोठे आहे?

उत्तर : माणसाला निर्णयासाठी किती वेळ आणि कोणती माहिती मिळते, हे त्या वाक्यात कोठेही नसते, अडचण नेमकी तेथे आहे. मार्च २००३ मध्ये इराक युद्धात ब्रिटनचे टॉर्नेडो विमान मोहीम आटोपून कुवेतमधील तळाकडे परतत होते. अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेने त्याची ओळख ‘रडारवर चाल करून येणारे क्षेपणास्त्र’ अशी पटवली. विमान आपले आहे हे कळवणारा संकेत मिळाला नाही. वरिष्ठ ठाण्याशी थेट संपर्काची पुरेशी साधने नसलेल्या त्या तुकडीपाशी ठरवायला जेमतेम मिनिटभर होते. पडद्यावर खूण दिसत होती, यंत्र जे सांगत होते त्याला खोटे ठरवणारे हाताशी काहीच नव्हते, म्हणून मारा झाला आणि विमानातील दोघेही मारले गेले. दहाच दिवसांनी दुसऱ्या पॅट्रियट तुकडीने अमेरिकी नौदलाचेच विमान पाडले. दोन्ही वेळी निर्णयाच्या साखळीत माणूस होता.

म्हणून नियमात माणसाच्या उपस्थितीपेक्षा त्याची स्थिती लिहिली गेली पाहिजे : त्याला लक्ष्य नाकारण्याचा अधिकार आहे का, नाकारण्यापुरता वेळ आहे का, आणि यंत्राने हे लक्ष्य का निवडले ते त्याला दिसते का. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा २०१२ चा आणि २०२३ मध्ये सुधारलेला आदेश ‘मानवी विवेकाची योग्य पातळी’ राखायला सांगतो. योग्य म्हणजे किती, हे प्रत्येक शस्त्रागणिक ठरवायचे. जिनिव्हात २०१७ पासून संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली विविध देशांच्या सरकारी तज्ज्ञांचा गट याच प्रश्नावर बसतो आणि २०१९ मध्ये त्याने ११ मार्गदर्शक तत्त्वे मान्यही केली. पण तेथे सर्वसहमतीची अट असल्याने एक देशही मजकूर अडवू शकतो. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत याविषयीचा ठराव १५२ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला आणि विरोध करणाऱ्यांत रशिया व भारत होते. आमसभेचे असे ठराव बंधनकारक नसतात, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : शस्त्राची तपासणी एकदा झाली आणि नंतर त्याचे सॉफ्टवेअर बदलले, तर?

उत्तर : युद्धाचे नियम घालणाऱ्या जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचे कलम ३६ सांगते, की नवे शस्त्र विकसित करताना किंवा घेताना त्याचा वापर बेकायदा ठरेल का, हे देशाने तपासावे. तो प्रोटोकॉल सर्वांनी स्वीकारलेला नाही, आणि तपासणीचा अहवाल प्रसिद्ध करण्याचे बंधन स्वीकारलेल्यांवरही नाही. तोफ एकदा तपासली की ती तोफच राहते. वापरातून शिकत जाणारी आज्ञावली मात्र सहा महिन्यांनी वेगळी वस्तू झालेली असू शकते, आणि ‘नवे’ कशाला म्हणायचे हे कलम ३६ मध्ये लिहिलेले नाही. माझ्या मते लक्ष्य ओळखण्याच्या पद्धतीत झालेला प्रत्येक बदल नवे शस्त्र समजून तपासला पाहिजे आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याने त्याखाली आपल्या नावानिशी सही केली पाहिजे.