टोपली रोज पालथी होते

प्रश्न : आमच्या दोन खोल्यांच्या घरात पाच आणि अडीच वर्षांच्या मुलांची खेळणी सगळीकडे पसरलेली असतात. एका मोठ्या टोपलीत भरून ठेवली, तरी मुले ती रोज पालथी करतात. काय करावे?

उत्तर : खोल टोपलीच्या तळाशी गेलेली वस्तू हवी असेल, तर ती पालथी करण्यावाचून मुलांना दुसरा मार्गच नसतो. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३६ लहान मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी दिली, तेव्हा कमी खेळणी असताना मुले एकेका खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक तऱ्हांनी खेळली. म्हणून निम्म्याहून अधिक खेळणी माळ्यावर ठेवून दर दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल करावी आणि उरलेली मुलांच्या हाताला येतील अशा खालच्या फळीवर, उथळ ट्रेमध्ये मांडावीत. सावंतवाडीची मोठ्या आकाराची लाकडी भातुकली मात्र मी कधीच माळ्यावर टाकणार नाही, कारण दोन्ही वयांची मुले तिच्यात एकत्र रमतात. थोरल्याचे मणी, बारीक ठोकळे आणि बटन सेलवर चालणारी खेळणी उंचावर, घट्ट झाकणाच्या डब्यातच असावीत. गिळलेला सेल दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर इजा करू शकतो.