कूलंटच्या तापमानाची प्रवासात नोंद कशी ठेवावी आणि ती कशी वाचावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : गाडी २०१४ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे, पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात तापमानाचा काटा वर सरकतो, मेकॅनिकने कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा) तापमान मोजणारा सेन्सर बदलला तरी तक्रार कायम आहे आणि गॅरेजमध्ये गाडी नेईपर्यंत काटा पुन्हा जागेवर आलेला असतो. म्हणून चालत्या गाडीत या सेन्सरच्या आकड्यांची नोंद ठेवता येईल का, आणि त्यातून निदान होईल का, असे आपण विचारले आहे.

नोंद नक्की ठेवता येते आणि त्यासाठी फारसा खर्चही येत नाही. मात्र एकट्या तापमानाचा आकडा फार काही सांगत नाही. त्याच वेळी गाडीचा वेग किती होता, इंजिनावर भार किती होता आणि फॅन चालू होता की नाही, हे शेजारी मांडले तरच त्या आकड्याला अर्थ येतो.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर आपण एवढी भिस्त ठेवू नये. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम सुस्त केलेला असतो. साधारण ८० ते १०० अंशांपर्यंत कूलंटचे तापमान कितीही वरखाली झाले तरी काटा मध्यावर स्थिर राहतो, म्हणजे चालक विनाकारण घाबरत नाही. त्यामुळे काटा मध्य सोडून वर गेलेला दिसतो, तेव्हा तापमान आधीच बरेच चढलेले असते. काही छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल असे दोन दिवे असतात.

भारतात बीएस-४ (प्रदूषणाच्या चौथ्या टप्प्याचे निकष पाळणाऱ्या) गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ ही गाडीतली स्वयंनिदान यंत्रणा बंधनकारक झाली, त्यामुळे आपल्या गाडीत चालकाच्या गुडघ्याजवळ, डॅशबोर्डखाली, १६ पिनांचे सॉकेट असेल. त्यात ईएलएम३२७ जातीचा ब्लूटूथ डाँगल (गाडीतले आकडे फोनला पाठवणारे छोटे उपकरण) बसवावा आणि फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनर यांसारखे ॲप घ्यावे. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ डाँगल जोडला जात नाही. ब्लूटूथ एलई किंवा वायफाय असलेला घ्यावा लागतो. ॲप आतून ईसीएमला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) ‘०१ ०५’ अशी विचारणा करते आणि ‘४१ ०५ ८२’ असे काहीसे उत्तर येते. शेवटचा आकडा षोडशमान पद्धतीतला असतो : ८ गुणिले १६ अधिक २ म्हणजे १३०, त्यातून ४० वजा केले की ९० अंश सेल्सिअस. हे गणित ॲप स्वतःच करते, पण ते माहीत असलेले बरे, कारण त्यामुळे उणे ४० हा सर्वांत खालचा आकडा कुठून येतो ते समजते.

नोंदीसाठी कूलंटचे तापमान, आत येणाऱ्या हवेचे तापमान, वेग, इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे), इंजिन लोड (इंजिनावरचा भार) आणि व्होल्टेज एवढेच निवडावे. स्वस्त डाँगल प्रत्येक आकडा वेगळा विचारतो. यादीत वीस गोष्टी घातल्या की सगळ्याच नोंदी विरळ होतात. सेकंदाला एक नोंद पुरेशी आहे, कारण काही लिटर कूलंट त्याहून लवकर तापत किंवा निवत नाही. फाइल सीएसव्ही स्वरूपात साठवावी, म्हणजे घरी स्प्रेडशीटमध्ये आलेख काढता येतो. नोंद निघण्यापूर्वीच सुरू करून फोन बाजूला ठेवावा. घाटात स्क्रीनकडे पाहत गाडी चालवणे कोणत्याही निदानाच्या मोलाचे नाही.

पहिली नोंद रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची घ्यावी. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन केले, तर कूलंट आणि आतली हवा ही दोन्ही तापमाने एकमेकांच्या दोन-तीन अंशांत आणि बाहेरच्या हवेच्या जवळपास असायला हवीत. सेन्सर हा थर्मिस्टर, म्हणजे तापला की विजेचा रोध कमी होणारा भाग असतो. अनेक गाड्यांत २० अंशांना त्याचा रोध सुमारे अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओहम असतो. प्लग निखळला किंवा वायर तुटली की ईसीएमला रोध अनंत दिसतो आणि आकडा उणे ४० येतो. वायर कुठे घासून बॉडीला लागली तर थंड इंजिनही १३० अंशांच्या पुढचे तापमान दाखवते. पहिल्या प्रकारात पी०११८ आणि दुसऱ्यात पी०११७ हा दोषाचा कोड ईसीएममध्ये नोंदला जातो. एक सावधगिरी मात्र हवी : सेन्सर बिघडला असे ठरवल्यावर काही गाड्यांचा ईसीएम स्वतःच्या अंदाजाचा आकडा पुढे करतो आणि फॅन सतत चालू ठेवतो. अशा नोंदीतला गुळगुळीत आलेख पाहून समाधान मानू नये.

आता आलेख कसा वाचायचा ते सांगतो. इंजिन तापत असताना रेषा एकसारखी चढते आणि थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडला की किंचित खाली येऊन सपाट होते. किती अंशांना तो उघडायला हवा हे बहुधा थर्मोस्टॅटवरच कोरलेले असते, ८२ किंवा ८८. मोकळ्या रस्त्यावर किंवा उतारावर तापमान ७० पर्यंत घसरत असेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे. सिग्नलला उभे असताना करवतीच्या दात्यांसारखी रेषा दिसावी. फॅनसाठी प्रमाणित असा वेगळा आकडा ओबीडीत मिळत नाही, पण व्होल्टेजचा स्तंभ ती उणीव भरून काढतो : तापमान ९६-९७ ला पोहोचते, त्याच क्षणी व्होल्टेज १४.१ वरून १३.७ च्या आसपास येते आणि पुढच्या मिनिटभरात तापमान चार-पाच अंशांनी उतरते. गाडी उभी आहे, तापमान १०५ च्या पुढे गेले आहे आणि व्होल्टेज मात्र जराही हलत नाही, अशी ओळ सापडली तर फॅनची मोटर, रिले किंवा फ्यूज तपासावा. ही चाचणी एसी बंद ठेवून करावी, कारण एसी चालू असताना बहुतेक गाड्यांत फॅन तसाही फिरत असतो.

रेषेत एका सेकंदात पंधरा अंशांची उडी दिसली, तर ती विजेची गडबड समजावी. पाणी इतक्या वेगाने तापत नाही. याला एकच अपवाद आहे आणि तो धोक्याचा आहे. सेन्सर इंजिनाचे तापमान मोजत नाही, त्याच्या टोकाला जे टेकलेले असते त्याचे मोजतो. कूलंट गळून पातळी खाली गेली आणि टोक वाफेत किंवा हवेत उघडे पडले, की इंजिन भाजत असतानाही आकडा खाली येऊ शकतो. म्हणून भर चढावर तापमान अचानक ‘सुधारले’, तर आनंद न मानता गाडी थांबवावी. आकडा ११० ओलांडून चढतच राहिला तरी तेच करावे. त्या वेळी रेडिएटरचे (कूलंट गार करणाऱ्या जाळीचे) झाकण उघडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

नवा सेन्सर खरे बोलतो का, याची शंका असेल तर तो काढून उकळत्या पाण्यात धरून त्याचा रोध मोजता येतो आणि तो गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील तक्त्याशी ताडून पाहता येतो. पुण्याच्या उंचीवर पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते, हे हिशेबात धरावे. इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासणार असाल, तर चकचकीत ॲल्युमिनियमवर तो बराच कमी आकडा दाखवतो. तेथे काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर नेम धरावा.

आपल्या तक्रारीत काटा शहरात ठीक राहतो आणि चढावर वर जातो, यावरून दोष सेन्सरचा नसावा, असे माझे मत आहे. त्याच घाटात एक फेरी एसी लावून आणि एक एसी बंद ठेवून नोंदवावी. वेग कमी आणि लोड जास्त असलेल्या ओळींत तापमान चढत गेले आणि फॅन लागूनही उतरले नाही, तर उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागांकडे वळावे. सर्वांत आधी रेडिएटरचे झाकण बदलून पाहावे. त्यातली स्प्रिंग सैल झाली की दाब टिकत नाही. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल हे रसायन असलेले कूलंट १.१ बारच्या झाकणाखाली १२५ अंशांपर्यंतही उकळत नाही, पण दाब नसेल तर १०८ च्या आसपासच उकळते आणि बाहेर पडते. दाब ओबीडीत दिसत नाही, म्हणून हा दोष नोंदीत कधीच थेट सापडत नाही आणि हा स्वस्त भाग भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो. नंतर रेडिएटरच्या जाळीतला चिखल, वर्षानुवर्षे बोअरचे पाणी टाकल्याने आत धरलेला क्षार आणि वॉटर पंप तपासावेत. डाँगल मात्र गाडी उभी करताना काढून ठेवावा, कारण १६ क्रमांकाच्या पिनेवर बॅटरीचा पुरवठा सतत असतो आणि काही दिवसांत बॅटरी उतरू शकते.

एवढे करूनही चढावर तापमान वाढतच असेल आणि टाकीतले कूलंट गळती न दिसता कमी होत असेल, तर गॅरेजमध्ये हेड गॅस्केटची (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधल्या सीलची) रासायनिक चाचणी करून घ्यावी. रेडिएटरच्या तोंडाशी धरलेल्या नळीतले निळे द्रव पिवळे पडले, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत आहे. मग नव्या रेडिएटरवर पैसे घालण्याआधी हेड उतरवण्याचे काम काढावे लागेल.